गुलबक्षीची पोरं

११ जुलै ६०
मराठीचा तास आजपासून बंद. सातवीत मराठी घेणाऱ्या तीनच मुली उरल्या होत्या, त्यातल्या दोघींच्या घरच्यांनी हिंदी लिहून दिली. मराठी मुलूख वेगळा होऊन बालाघाट हिंदी राज्यात राहिलं तेव्हाच हे दिसत होतं, तरी आज लागलं. बडी बहनजींनी (आमच्या मुख्याध्यापिका; यापुढे ब.ब., हात दुखतो) खोलीत बोलावून विचारलं, "बदली लेंगी या विज्ञान पढ़ाएँगी?" बदली म्हणजे मंडला नाहीतर सिवनी. म्हटलं, विज्ञान. मॅट्रिकनंतर विज्ञानाचं पुस्तक उघडलंय का, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.
ह्यांना कचेरीतून आल्यावर सांगितलं तर इतके हसले की चहा धोतरावर. "म्हणजे आता तू बेडूक कापणार?" मी म्हटलं, आठवडाभर तुमच्याशी बोलणार नाही. रात्रीच्या जेवणापर्यंत टिकलं.

१९ जुलै
पहिला धडा खडकांचा. थर कसे बसतात ते दाखवायला काही नव्हतं, म्हणून डब्यातल्या पोळ्याच टेबलावर मांडल्या. सगळ्यात खालची आधी भाजलेली, वरची शेवटची, जमिनीचं तसंच. वर्ग खूश, मी त्याहून खूश. तेवढ्यात मागच्या बाकावरून हात वर. दुर्गा. लामता गावची, इथं मावशीकडं राहून शिकते. वर्गात हिंदीच बोलते, पण उत्साह आला की घरची भाषा सुटते.
"बाई, पण माही मावशी शिळी पोळी वरतं ठेवते. आधी ते खपली पाह्यजे म्हणून."
वर्ग खिदळला.  "बैस खाली," एवढंच म्हणाले. पोळ्या मग डब्यात तशाच परत घरी.

२३ जुलै
ह्यांच्या ओळखीचे एकजण भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीत सर्व्हेला आहेत. त्यांच्याकडून खडकांवरचं जाडजूड इंग्रजी पुस्तक आणवलं. मांडीवर शब्दकोश घेऊन बसले. तर असं असतंच! डोंगर घडताना थर दुमडतात, पार उलथतात, जुना वर आणि नवा खाली. आमच्या खाणीच्या टेकड्यांतसुद्धा. एकटीच ओट्यावर बसून टाळी वाजवली. हे म्हणाले, काय झालं? म्हटलं, दुर्गाच्या मावशीचं बरोबर आहे.

२५ जुलै
वर्गात सांगितलं. दुर्गानं अशी मान डोलावली की जणू मीच परीक्षेत पास झाले.
शाळेत जाताना हल्ली पाय भरभर उचलतात. इतकी वर्षं व्याकरण शिकवलं, असं कधी झालं नव्हतं. लिहायला बरं वाटत नाही, पण खरं आहे.

६ ऑगस्ट
काचेच्या बरणीत वैनगंगेची रेती, शेतातली माती आणि पाणी घालून हलवलं आणि खिडकीत ठेवलं. रेती लगेच बसली. त्यावर बारीक माती, सगळ्यात वर लोण्यासारखा गाळ. पाणी मात्र शाळा सुटेपर्यंत गढूळ. नदी हेच करते, फक्त तिला घाई नाही. मुली खिडकीपाशी एकमेकींच्या खांद्यावर चढून बघत होत्या.
भरवेलीचा काळा दगड पण फिरवला. आकाराच्या मानानं एवढा जड की पहिल्या मुलीनं पायावरच पाडून घेतला असता. ब.ब. चौकशीला आल्या, हातात घेतला, परत दिला आणि मग पांढऱ्या साडीला हात पुसला. साडीवर पाच काळी बोटं. मी फळ्याकडं तोंड करून खूप वेळ तारीख लिहीत राहिले.

२ सप्टेंबर
खाणीतल्या त्या सर्व्हेवाल्यांच्या पत्नी कॉलेजात शिकलेल्या. त्यांनी आपलं जीवशास्त्राचं पुस्तक पाठवलं, बरोबर करंज्या. करंज्या संपल्या. पुस्तकात शेवटी वंशाचा धडा आहे. आईबापाचा रंग, उंची, केस पोरांत कसे उतरतात. कोर्सात नाही. पण चित्र कशाचं? गुलबक्षीचं! लाल आणि पांढरी यांचं लग्न लावायचं आणि काय निपजतं ते बघायचं. शाळेच्या कुंपणाला लाल आहे, ब.ब.च्या क्वार्टरमागं पांढरी आहे. ह्यापुढं मला कोण अडवतो?

३ सप्टेंबर
जीभ नळीसारखी गुंडाळता येणं हे सुद्धा आईबापाकडून येतं म्हणे. वर्गाला करून बघायला सांगितलं. सगळा वर्ग जिभा काढून बसलेला असताना ब.ब. दारात. मला जमतं, ह्यांना जमत नाही. सासूबाईंना पत्रातून विचारावं म्हणते. हे म्हणतात, विचारूनच बघ.

९ सप्टेंबर
लग्न लागलं. गुलबक्षी शाळा सुटायच्या सुमारास उमलते, म्हणून त्याआधीच लाल कळ्या उघडून आतले परागाचे तंतू काढून टाकायचे, नाहीतर ती आपलीच आपल्याशी उरकून घेते. काटा काढायचा चिमटा घरून नेला होता. माझ्या हातून दोन कळ्या फुकट गेल्या. दुर्गा म्हणाली, "द्या बाई, मी करतो," आणि एका दमात केलं. फुलं उघडल्यावर पांढऱ्याचे पराग लावले. वरून कागदाच्या पुड्या, म्हणजे पाखरं येऊ नयेत. कागद मराठीच्या जुन्या उत्तरपत्रिकांचा. तेवढंच मराठीचं काम झालं.
दोरा नव्हता. आमची चपराशीण जमनाबाई, तिनं कमरेच्या पिशवीतून काळा दोरा दिला. नजर लागू नये म्हणून ती नातवाच्या पायात बांधते तोच.

१४ सप्टेंबर
बोंब! गावात कुजबुज आहे की मुलींच्या शाळेतल्या नव्या विज्ञानवाल्या बहनजी झाडांना टोटके, म्हणजे करणीचे पुडे, बांधतात. कागदावर काहीतरी लिहिलेलं, वर काळा दोरा. कुणाच्या तरी आईनं ब.ब.ना येऊन सांगितलं. ब.ब.नी मला बोलावलं. मी पुस्तकातलं चित्र दाखवलं. ते बघून म्हणाल्या, "तो इसमें मंतर कौन-सा है?" मग स्वतःच हसल्या. ह्या बाईला हसता येतं हे आज कळलं.

२६ सप्टेंबर
टोटक्याचे उपकार. भुलाबाईचे (भोंडल्यासारखेच) दिवस, संध्याकाळी मुली घरोघर गाणी म्हणत फिरतात आणि गुलबक्षीच्या देठांना देठ गुंफून वेण्या करतात. गावातली एक गुलबक्षी धड राहिली नाही. आमच्या पुड्यांच्या झाडाला कुणी बोट लावलं नाही! जमनाबाई तर येणाऱ्याजाणाऱ्याला अजून दोन गोष्टी जोडून सांगते. तिला म्हटलं, असं खोटं कशाला? "बहनजी, फूल बचाना है कि नहीं?" बचाना है.

४ डिसेंबर
बी मिळालं. काळं, खरबरीत, अगदी मिऱ्यासारखं. हेच नडलं. रविवार म्हणून मी केस वाळवत बसले होते. ह्यांना खोकला, स्वतःच काढा करायला गेले आणि मिऱ्याची समजून बियांची डबी उघडली. खलबत्त्याचा आवाज ऐकून धावले. पाचसहा बिया गेल्या, पांढरं पीठ झालं होतं. "मला वाटलं मिरे जुने झालेत, तिखट कसे लागत नाहीत." तीन महिन्यांचं काम खोकल्यात जाणार होतं. ओरडले, मग हसू आवरेना. उरलेली डबी कपाटात, किल्ली माझ्याकडं.

१९ जून ६१
पाऊस जमला. आळी करून बी लावलं. दुर्गा आणि तिच्या वर्गातल्या सगळ्या आता आठवीत. भुलाबाईला झाकल्या डब्यातली खिरापत ओळखतात ना, तसं काय रंग येणार ते ओळखायला सांगितलं. काहीजणी म्हणाल्या पट्टेपट्टे, काहीजणी ठिपके. दुर्गा: "लाल. लालच जिंकते, पाहजा." मला पुस्तकातलं उत्तर ठाऊक होतं. तोंड आवळून बंद ठेवलं.

२१ ऑगस्ट
गुलाबी!! सगळी झाडं. एकही लाल नाही, एकही पांढरं नाही. शाळा सुटली तरी एकही मुलगी घरी जाईना. पुस्तकात वाचलेलं डोळ्यांदेखत झालं, मला रडूच आलं, आनंदाचं. दुर्गा मात्र फुगून बसली.
"बाई, पांढरा गेला कुठं?"
"गेला नाही. आहे, पण दिसत नाही. यांची पोरं होतील ना, त्यात परत निघेल."
"कवा?"
"पुढच्या साली."
 मग म्हणाली, "पुढच्या साली मी कुठं राहीन बाई? बाबा मले घरी नेणार हाय."

३ सप्टेंबर
दुर्गाचे बाबा मावशीकडं आले होते, मी भेटायला गेले. भाताचं शेत आहे, माणूस सरळ. म्हणाले, "आठवी झाली का नेतो. नववीत तुमच्याकडं पोरीयले काय शिकवतेत?" म्हटलं, गृहविज्ञान. "म्हंजे रांधणं, शिवणं?" हौ. "थे तं तिची मायच शिकवते. त्याच्यासाठी बालाघाटले काहून ठेवू?"
 अगदी बरोबर बोलले. विज्ञान घेणारी नववी फक्त मुलांच्या शाळेत. आमच्याकडं सुरू व्हायची तर वरून आदेश हवा, आणि आदेशासाठी तपासणी. परत येताना चप्पल आपटत आले.

५ सप्टेंबर
ब.ब.ना सांगितलं, नववीला विज्ञान मागा. वाटलं झटकून टाकतील. त्यांनी अर्ज स्वतः लिहिला. मला वाचून दाखवला. "काली चट्टान" आणि "गुलाबी पीढ़ी" दोन्ही त्यात.

१० ऑक्टोबर
आजचा दिवस. सगळा लिहिते, विसरायचा नाही.
तपासणीचे साहेब दुपारनंतर येणार असं ठरलेलं, म्हणून मी गुलबक्षी शेवटी ठेवली होती. साहेब सकाळच्याच छोट्या रेल्वेगाडीनं हजर! आणि दुपारच्या गाडीनं जबलपूरला परत जायचे. मी झाडापाशी गेले तर कालची फुलं ओल्या चिंधीसारखी लोंबत होती, आजच्या कळ्या घट्ट. आमचा एकुलता एक पुरावा झोपलेला. 
दुर्गा शेजारी. म्हणाली, "बाई, साहेबाले थांबवू."
"कसं?"
"तुमी दगड दाखवा. बाकी मी पाह्यतो."
दगड दाखवले. बरणी हलवली. साहेब रीवाकडचे, जाड चष्मा, सगळ्यावर "अच्छा" म्हणत. पोळ्यांचे थर मांडले तेव्हा एका मुलीनं उलट्या थरांचा प्रश्न विचारला (दुर्गानं पढवलेला, मला माहीत आहे) आणि त्यावर बराच वेळ निघाला. साहेबांनी एक पोळी उचलून खाल्ली. ब.ब.नी पोहे मागवले. पोहे झाले, चहा झाला. साहेबांनी घड्याळ बघितलं, उठले. 
तर मुलींनी दारातच फेर धरला आणि भुलाबाईचं गाणं सुरू. दुर्गा झाकलेला डबा साहेबांच्या कानाशी हलवून विचारते, "साहब, खिरापत पहचानिए. बिना पहचाने कोई जाता नहीं." हा नियम मी आजवर ऐकलेला नाही.
साहेब म्हणाले, लाई. नाही. चिवडा. नाही. पेढे. मुली ओरडल्या, "पेड़ा बजता है क्या?" साहेब बसले. रेवडी. नाही. चष्मा काढून ठेवला आणि डबा स्वतःच हलवायला लागले. मूंगफली. नाही. शेंगदाण्याचे लाडू, गुळाची पापडी, भाजलेले चणे, सगळं नाही. मध्ये जमनाबाई येऊन म्हणाली, गाडी सुटली. साहेबांनी हात झटकला, "शाम को दूसरी है." ब.ब. माझ्याकडं बघत होत्या आणि मी छताकडं.
शेवटी हरले. डबा उघडला. सीताफळाच्या बिया! खायचं काहीच नाही. "यह तो बेईमानी है!" म्हणून मोठ्यानं हसले, आणि त्यानंतर खरी खिरापत म्हणून अनारसे आले, ते खाता खाता कळ्या सैल व्हायला लागल्या. साहेबांना झाडापाशी नेलं. त्यांच्यादेखत उमलली, एकामागून एक, सगळी गुलाबी.
त्यांनी आता दुर्गालाच विचारलं, आगे क्या होगा? दुर्गा ताठ उभी राहून, शुद्ध हिंदीत: चार में एक लाल, एक सफेद, दो गुलाबी, ऐसा किताब कहती है. मग थांबून: "लेकिन कौन-सा बीज क्या निकलेगा, यह कोई नहीं बता सकता. बहनजी भी नहीं."
साहेब म्हणाले, "मैं लिखूँगा. आदेश तो ऊपर से आएगा."
घरी आले तर हे ओट्यावर वाट बघत. सगळं सांगितलं. सीताफळाच्या बियांपाशी ह्यांना ठसका लागला. मी आज फार सुखी आहे. आदेश येवो न येवो, असं म्हणवत मात्र नाही. यावा.

१४ नोव्हेंबर
गुलाबीचं बी गोळा केलं. आदेश नाही.

१६ जानेवारी ६२
ब.ब.नी आठवणीचं पत्र पाठवलं. उत्तर: विचाराधीन. ब.ब. आता टपालवाला दिसला की खोलीतून बाहेर येतात, आणि मग झाडांना पाणी घातलं का असं काहीतरी विचारतात.

३० एप्रिल
निकाल. दुर्गा आठवीत पहिली. मला पाया पडायला आली तेव्हा मीच तिला आधी मिठी मारली. संध्याकाळच्या छोट्या गाडीनं लामत्याला गेली. "येतो बाई" म्हणाली, "जातो" म्हणाली नाही. त्याचा काही अर्थ नाही, सगळेच तसं म्हणतात. तरी लिहून ठेवते.

२० जून
गुलाबीचं बी लावलं. दुर्गाविना. चैन पडत नव्हतं. हे स्वतःहून आळी करू लागले. बी हातात देताना मला दाखवून म्हणाले, "हे मिरे नाहीत बरं का."

२ जुलै
शाळा उघडली. आदेश नाही. ब.ब. म्हणाल्या, ज्या आल्या त्यांना बसवा, नाव काय द्यायचं ते नंतर बघू. नववीत गेले. विज्ञान हवं म्हणणाऱ्या चारपाचजणी पुढच्या बाकावर. दुर्गा नाही. फळ्यावर तारीख लिहिली, पुढं काही लिहवेना.
अकराच्या सुमारास जमनाबाई बोलवायला आली. ब.ब.च्या खोलीत दुर्गाचे बाबा. मावशीकडची दुर्गाची पत्र्याची पेटी खांद्यावर. दुर्गा दाराशी, खाली मान. बाबा दाखला न्यायला आले होते. आठवी पास, लग्नाच्या बोलणीत दाखवायला बरं. ब.ब.नी दाखला लिहिला, सही केली.  सांगायला माझ्याकडं काय होतं? आदेश?
दाखला हातात घ्यायच्या आधी बाबांनी मला विचारलं, "बाई, एक पुसू? हे पोरगी उन्हाळाभर घरी सांगून राह्यली, का जे दिसत नाही थे गेलं असं नाही, आत असते, पोरायत निंघते. खरं हाय?"
"खरं आहे."
"मंग माह्या भाताच्या बांधीत चिन्नोर धान लावतो मी. बी घरचंच, निवडून ठेवलेलं. तरी दरसाल मंधातच काळी लोंब निंघते. उपटून फेकतो. पुढच्या साली पुन्हा. थे काहून येऊन राह्यली?"
 काहीतरी पुस्तकी सांगता आलं असतं. पण बरणीतल्या पाण्यासारखं डोकं गढूळ. खरं तेच सांगितलं.
"भाऊ, मला माहीत नाही. बी आतूनच तसं असेल, नाहीतर बाहेरून रानभाताचे पराग येत असतील. ते शोधायला जेवढं शिकावं लागतं तेवढं मी शिकलेच नाही."
"मंग कोणाले माहीत?"
"बालाघाटात? आज कुणाला नाही. हिला विचारा. आत्ता नाही, काही वर्षांनी."
दुर्गानं मान वर केली. बाबांनी तिच्याकडं बघितलं, जसं काही नवीनच कुणी उभं होतं. ब.ब.नी दाखला पुढं केला होता, तो तसाच. 
बाबांनी पेटी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.
"मंग दाखला राहू द्या सद्या," म्हणाले. आणि दुर्गाला, "चाल, मावशीकडं पेटी ठेवून येऊ. तवापावतर बाई तास थांबवते का, पुस."
थांबवला. आदेश आजच्या टपालातही नव्हता. दाखला ब.ब.च्या टेबलावर आहे, सही झालेला, काळ्या दगडाखाली.